जनीची वाकळ आणि रखुमाईचा प्रश्न

पंढरपुरापासून पायी सहज जाता येईल अशा अंतरावर गोपाळपूर आहे. तेथील गोपाळकृष्णाच्या देवळात यात्रेकरूंना जनाबाईचे जाते दाखविले जाते. हेच ते जाते, याचा पुरावा कोणी मागत नाही; जनी दळीत असता विठोबा तिच्या जात्याच्या खुंट्याला हात लावीत असे, ही गोष्ट दर्शनाला येणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेली असते. तिच्याविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्यापुढच्या गोष्टीविषयी. देवळात रखुमाई असता देव रात्रीच्या वेळी एका दासीच्या खोपटात का जात होता, आणि रखुमाईला ते कसे वाटत होते? हा प्रश्न ग्रंथांनी क्वचितच विचारला. जात्यावर बसलेल्या बायकांनी मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला, त्याची परस्परविरुद्ध उत्तरे दिली, आणि एकही उत्तर अखेरचे मानले नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा प्रश्न आहे. जनी व विठोबा यांच्यामधील खऱ्या नात्याचा निर्णय हा नव्हे.

एखादी कथा ज्यांना अतिशय प्रिय आहे अशा रसिकांनी तीच पात्रे घेऊन ती कथा स्वतः पुढे रचावयाची, मूळ कथेत जे नुसते सूचित आहे ते उघड करावयाचे, आणि मग 'हे सूचित होते की तुम्हीच ते तेथे घातले' यावर आपापसांत भांडावयाचे, या व्यवहाराला इंग्रजीत फॅन फिक्शन असे नाव मिळाले आहे. मराठीत त्यास 'अनुकथा' म्हणावयास हरकत नसावी. तिचा अर्वाचीन इतिहास बहुतेकांना थोडाफार परिचित असतो. कॉनन डॉइलने 1893 साली शेरलॉक होम्सला मारले तेव्हा वाचकांनी ते मरण मान्य केले नाही. लेखकाने 1903 साली त्याला परत आणले. 1966 ते 1969 या काळात अमेरिकेत दाखविल्या गेलेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रमालिकेच्या चाहत्यांनी 1967 सालीच आपले पहिले हस्तोद्योगी नियतकालिक काढले. पुढे 1974 साली त्यांच्यातील एका लेखिकेने जहाजाचा कप्तान व त्याचा सहकारी यांच्या मैत्रीत प्रणय आहे असे धरून एक छोटी कथा छापली. येथून 'हा प्रणय मालिकेतच आहे की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत' या वादास तोंड फुटले. अशा कथा लिहिणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 2019 साली अनुकथांच्या एका प्रचंड संग्रहास ह्यूगो पारितोषिक मिळाले, तेव्हा या व्यवहाराकडे पाहून नाक मुरडणाऱ्या समीक्षकांनाही त्याची दखल घेणे भाग पडले.

परंतु हा व्यवहार विसाव्या शतकातील छापखान्यातून जन्मला असे समजणे हा भ्रम होय. भारतीय परंपरेतील त्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे राधा. श्रीमद्भागवतात राधेचे नाव नाही. रासाच्या प्रसंगी कृष्ण एका गोपीला इतरांपासून दूर घेऊन जातो, आणि मागे राहिलेल्या गोपी तिच्या भाग्याचा हेवा करितात, एवढेच तेथे आहे. ती गोपी अनामिक आहे. तिच्या वर्णनात 'आराधना' या अर्थाचे एक क्रियापद येते, आणि त्या क्रियापदातच राधेचे नाव दडलेले आहे, असे नंतरच्या वैष्णव टीकाकारांनी वाचले. ही सूचितार्थाची वाचनपद्धती इतकी रुजली की बाराव्या शतकातील जयदेवाच्या 'गीतगोविंदा'नंतर राधेवाचून कृष्णाची कल्पना करणेच कठीण झाले. पंढरपूरची स्थलकथा तर या भरीवरच उभी आहे. द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली, रागाने दिंडीरवनात येऊन बसली, तिची समजूत घालण्यास देव मागोमाग आला, आणि पुंडलिकाने टाकलेल्या विटेवर उभा राहिला. विठ्ठल व रखुमाई यांची गर्भागारे पंढरपुरात वेगवेगळी आहेत, त्याचेही कारण लोक या रुसव्यातच शोधतात. जे क्षेत्र मूळ पुराणाबाहेरच्या एका प्रणयाच्या मत्सरातून जन्मले अशी त्या क्षेत्राचीच समजूत आहे, तेथे अनुकथेला परकी मानणे विचित्र ठरेल.

आता जनीच्या अभंगांकडे वळता येईल. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवाच्या कुटुंबाची दासी म्हणून जगली. तिच्या नावावर गाथांतून सुमारे साडेतीनशे अभंग छापले जातात. त्यांतील सगळे तिचेच असतील असे म्हणणे धाडसाचे आहे, पण प्रस्तुत प्रश्नासाठी ती छाननी आवश्यक नाही, कारण ओवी गाणाऱ्या बायकांनीही ती केली नव्हती. या अभंगांतील विठोबा घरकामाचा सोबती आहे. तो दळू लागतो, कांडू लागतो, पाणी भरतो, शेण वेचतो, धुणे धुण्यास मदत करितो, जनीला न्हाऊ घालतो आणि तिची वेणीफणी करितो. दासीच्या आयुष्यात ज्या ज्या कामाला दुसरे माणूस मिळत नाही, त्या त्या कामाला येथे देव आला आहे. यांपैकी पहिल्या कामांत केवळ साहाय्य आहे. न्हाणे व वेणीफणी यांत मात्र स्पर्श आहे, आणि स्पर्श आला की कोणत्या नात्याचा, हा प्रश्न आपोआप येतो.

अभंगांत त्याचे उत्तर एक नाही. पुष्कळ ठिकाणी विठोबा ही आई आहे. जनी त्याला स्त्रीलिंगी नावाने हाक मारते, आणि आई लेकीचे केस विंचरते यात कोणाला काही वावगे दिसत नाही. अन्यत्र तो सखा आहे. एका अभंगात ती त्याला असभ्य म्हणाव्या अशा शब्दांत शिव्या देते, आणि त्या शिव्यांत त्याच्या बायकोलाही ओढते. आणि जो अभंग कीर्तनात फारसा स्पष्ट करून सांगितला जात नाही, पण ज्याच्याशिवाय जनीचा विचार पुरा होत नाही, त्यात डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेली जनी भरल्या बाजारात निघाली आहे आणि केशवाच्या घरी निघालेली वेश्या असे स्वतःलाच म्हणत आहे. त्या प्रतिमेचा लौकिक अर्थ कोणी घेऊ नये हे खरे. पण कवयित्रीने बाजारातील शंभर प्रतिमांतून हीच उचलली, तिचा अर्थ काहीच नाही, असेही म्हणता येत नाही. लोकलज्जा सोडल्याची पराकाष्ठा दाखविण्यास तिला स्त्रीच्या बदनामीहून मोठे माप सापडले नाही.

येथे आणखी एका अभंगाचा विचार करावयास हवा. तो शाळकरी मुलांनाही पाठ असतो. 'लेकुरवाळा विठोबा' हे त्यातील चित्र. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, गोरा कुंभार मांडीवर, चोखा जीवाबरोबर, बंका कडेवर आणि नामा करांगुळी धरून. मराठी काव्यातील हे एक अत्यंत हृद्य कुटुंबचित्र होय. परंतु त्याकडे जरा थांबून पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुले इतकी आहेत, मांडी आहे, कडेवर आहे, बोट आहे. आणि आई नाही. विठोबा स्वतःच माउली झाल्यामुळे रखुमाईला त्या चित्रात उभे राहावयास जागाच उरलेली नाही. इतर संतांनी रखुमाईला आई म्हटले आहे, देवाच्या वामांगी उभे केले आहे, हे नाकारावयाचे नाही. पण जनीच्या अभंगांतील जिव्हाळ्याची जी सारी कामे, ती विठोबाने पत्करल्यामुळे घरातील धनीणच घराबाहेर पडली आहे.

ही रिकामी जागा कोणी पाहिली? टीकाकारांनी ती पाहिल्याचे फारसे आढळत नाही. ओवी गाणाऱ्या बायकांनी ती पाहिली.

महिपतीने 1762 साली पुरा केलेल्या 'भक्तविजया'त जनीच्या वाकळेची कथा आहे. देव जनीच्या घरी रात्र काढतो. पहाटे काकडआरतीची वेळ झाल्याने गडबडीने निघतो. आपले पदक तेथे विसरतो आणि अंगावर जनीची वाकळ घेऊन देवळात उभा राहतो. बडवे दार उघडतात तो देवाच्या गळ्यात पदक नाही आणि अंगावर फाटकी गोधडी. जनीवर चोरीचा आळ येतो, तिला सुळाकडे नेतात, आणि सुळाचे पाणी होते. कथा चमत्काराची आहे आणि चमत्काराबरोबर ती संपते. तिच्यातील संशय हा चोरीचा संशय आहे. संशय घेणारे बडवे आहेत. हरवले आहे ते सोन्याचे पदक.

जात्यावरच्या ओव्यांत हीच वाकळ राहिली, पण तिचा अर्थ पालटला. येथे ती पाहणारी रखुमाई आहे. पदकाची तिला फारशी फिकीर नाही. आपण घातलेले मऊ अंथरूण सोडून देवाला जनीच्या वाकळेचीच ऊब बरी वाटते, हे तिचे दुःख आहे, आणि त्या ओव्या हे दुःख तिच्या बाजूने सांगतात. बडव्यांनी पाहिला तो माल गेला. बायकोने पाहिले ते मन गेले. मूळ कथेतील एकाही घटनेला धक्का न लावता केवळ पाहणारे माणूस बदलून कथेचा सारा रोख बदलण्याचे हे कौशल्य कोणत्याही काळच्या समीक्षेला आदर्शवत्‌ वाटावे असे आहे. आपण समीक्षा करीत आहो, हे त्या बायकांच्या ध्यानीमनीही नसावे. असते तर कदाचित ती इतकी नेमकी झाली नसती.

एकदा रखुमाई अशी बोलू लागली की ओव्यांत भांडणाला भर येतो. ही जनी तुमची कोण, असे ती देवाला स्पष्ट विचारते. जनीच्या हीन कुळावरून आणि दासीपणावरून ती टोचून बोलते. काही ओव्यांत देव पानावर बसतो आणि त्याचे लक्ष जनीच्या वाट्याकडे असते. वाढणाऱ्या हाताला ते कळते. तुळशीच्याही बाबतीत असेच. देवाच्या गळ्यात अहोरात्र तुळशीची माळ आहे म्हटल्यावर ओवीतील रखुमाई तुळशीलाही सवत समजते. राधा, तुळस, जनी आणि धनगरी परंपरेतील पदूबाई, अशी ही सवतींची मालिका आहे. त्यांपैकी पदूबाईचा विचार रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) या ग्रंथात दैवतशास्त्राच्या अंगाने झाला आहे. दैवतशास्त्र त्यामागे निरनिराळ्या उपासकसमूहांची एकत्र आलेली दैवते पाहते. ते योग्यच आहे. पण पहाटे दळणाऱ्या बाईला उपासकसमूहांचे एकत्रीकरण दिसत नव्हते. तिला दिसत होते एक घर, ज्यात घरधनी फार लोकांचा आहे.

रखुमाईच्या प्रश्नाला देव जे उत्तर देतो ते विशेष विचारार्ह आहे. जनी हे रानातले पाखरू, आपल्याकडे वस्तीला आले आहे, अशा आशयाचे उत्तर या ओव्यांत येते. ती निराधार आहे, लेकीसारखी आहे, असेही तो सांगतो. हे उत्तर ऐकताना समाधान होते आणि होतही नाही. पाखराला आसरा देणे ही दया होय. पण पाखरू ही प्रतिमा मराठी लोकगीतात इतकी निरागस नाही, हे गाणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही ठाऊक असते. 'स्टार ट्रेक'च्या जनकाने 1979 साली लिहिलेल्या कादंबरीत असाच एक चमत्कारिक प्रकार आहे. दोन नायकांच्या नात्यासाठी मित्र, बंधू आणि प्रियकर हे तीनही अर्थ असलेला एक कल्पित शब्द त्याने योजला, आणि तळटीपेत त्याविषयीच्या वावड्यांना उत्तर देण्याचा आव आणून वाद अधिकच पेटवून ठेवला. तेथे लेखक उत्तर देऊन निसटतो, येथे देव. फरक इतकाच की येथे देवाच्या तोंडी ते निसटते उत्तर घालणारी बाईच आहे. घरोघरचे पुरुष अशा प्रश्नाला कशी उत्तरे देतात याचा तिला अनुभव असणार.

या ओव्यांवर सांप्रदायिकांचा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भक्ताच्या निष्काम प्रेमावर कामाचा आरोप करणे हे अज्ञान होय, असे कीर्तनकार म्हणतो. शास्त्राचा आधारही त्याच्या बाजूस आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त देवादिकांविषयीच्या रतीला शृंगाररसाच्या पंगतीतून उठवून 'भाव' या कोटीत बसविले. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी 'भक्तिरसामृतसिंधू'त भक्तीलाच रसपद देऊन शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि मधुर असे तिचे पाच प्रकार केले. या मांडणीप्रमाणे जनीचा विठोबा दास्य, सख्य आणि वात्सल्य या तिहींत सुखाने बसतो, आणि मधुराची वाट अडविली की वाद मिटतो. परंतु व्यंजनेचा विचार करताना मम्मटच सांगतो की सूचित अर्थ केवळ शब्दांवर अवलंबून नसतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग, स्थळ आणि काळ कोणता, यांवर तो ठरतो. वेणीफणीचा अभंग वीणा गळ्यात घेतलेल्या कीर्तनकाराने म्हटला म्हणजे त्यातून वात्सल्य ध्वनित होते. तोच प्रसंग सासुरवाशिणीने पहाटेच्या काळोखात, आपला नवरा कोठे आहे हे ठाऊक नसताना म्हटला, तर त्यातून दुसरे काही ध्वनित होणे अपरिहार्य आहे. दोघांपैकी एक ध्वनी खरा आणि दुसरा आरोपित, असा निवाडा ध्वनिविचाराच्या आधारे तरी देता येत नाही.

आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि ती सांप्रदायिकांहूनही जनीच्या बाजूने मांडावी लागते. दुसऱ्याच्या घरी राबणारी, आईबापांवाचून वाढलेली, एकटी मुलगी. तिच्यावर धनीण संशय घेते. ही गोष्ट पुराणातली नाही. अशा मुलीच्या बाबतीत संशय आणि शिक्षा यांच्यामध्ये फारसे अंतर नसते, हे सुळाच्या कथेतच दिसते. रखुमाईची फिर्याद गाताना ओवी जनीवरील आळ पुन्हा उच्चारते, आणि कुळावरून काढलेले टोमणेही चवीने गाते. येथे या ओव्यांचे समर्थन करावयाचे असेल तर पूर्णपणे करता येणार नाही. काही टोमणे केवळ जातीचे टोमणे आहेत, आणि गाण्यात आल्यामुळे त्यांची धार कमी होत नाही. एवढे मात्र सांगावयास हवे की गाणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणी स्वतः दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या होत्या. त्या दिवसा जनी होत्या आणि घरी रखुमाई. एकीची बाजू घेऊन दुसरीला दोषी ठरविणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते, म्हणूनच टोमण्याच्या ओवीशेजारी जनीच्या कष्टांनी कळवळणारी ओवीही त्याच गळ्यातून येते.

अलीकडच्या काळात याच्या उलट टोकाचे एक मत ऐकू येते. जनीच्या अभंगांत दडपलेला शृंगार आहे, संप्रदायाने तो झाकून ठेवला, आणि लोकगीतांनी तो उघड केला, असे हे मत. ते आकर्षक आहे; बंडाचे श्रेय सर्वांनाच वाटून देते. पण त्यात ओव्यांना पुराव्याचे कागद समजण्याची चूक आहे. चौदाव्या शतकातील एका दासीच्या मनात काय होते, याची साक्ष विसाव्या शतकातील दळणाऱ्या बायका देऊ शकत नाहीत, आणि तशी साक्ष देण्याचा त्यांचा दावाही नव्हता. त्या जे सांगत होत्या ते अभंग ऐकून आपल्या मनात काय उठले याविषयी. शिवाय 'गुपित उघड केले' असे म्हटले की ओव्यांतील देवाचे उत्तर, जनीला लेक म्हणणे, रखुमाईचे मन वळणे, हे सारे केवळ सारवासारव ठरते. वास्तविक तो वादाचा अर्धा भाग आहे.

शृंगार जेथे मान्यच आहे तेथे असा वाद उद्‌भवत नाही, हे सोलापूरच्याच एका कवीवरून दिसून येते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील राम जोशी हा सोलापूरचा. पंडित घराण्यात जन्मून तमाशाच्या फडात उतरलेला. त्याच्या लावणीतला शृंगार उघड्या दारातून येतो. रसिकांनी त्यावर मान डोलवावी किंवा सोवळ्यांनी कानांवर हात ठेवावे, पण 'येथे शृंगार आहे काय' असे विचारण्याचे कोणालाच कारण पडत नाही. वादाला अर्धवट झाकलेले दार लागते.

आणि ते दार उघडले तर काय होते, हे जांभूळ-आख्यानात पाहावे. व्यासांच्या भारतात द्रौपदीला कर्णाविषयी अनुराग होता असे कोठेही नाही. स्वयंवरात तिने सूतपुत्राला वरण्याचे नाकारले हा जो सर्वपरिचित प्रसंग, तोही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत धरलेला नाही. म्हणजे नकारही नंतरचा आणि अनुरागही नंतरचा, दोन्ही वाचकांचेच. मराठी लोकपरंपरेतील आख्यानात झाडावरून तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून प्रत्येकाने मनातले सत्य बोलावयाचे असते, आणि कर्णाविषयीची अभिलाषा द्रौपदीच्या ओठांवर आल्यावरच फळ देठाला लागते. शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान रंगभूमीवर गाजविले. त्याची नाट्यमयता वादातीत आहे. परंतु कबुली मिळाली, फळ चिकटले, आणि तर्काला जागा उरली नाही. जनीच्या ओव्यांत असे जांभूळ नाही. तेथे कोणी कबुली देत नाही, आणि देवाकडून ती घेण्याची कोणाची छातीही नाही.

शिष्ट साहित्यातील लेखिकेने हेच काम केले तेव्हा तिला आधी परवाना काढावा लागला, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्ता'त (1967) द्रौपदीचे अखेरचे क्षण कल्पिले आहेत. पडलेल्या द्रौपदीपाशी भीम येतो, आणि आपल्यावर खरे प्रेम कोणी केले हे तिला उमगते. परंतु इंग्रजी 'युगान्ता'त या भागापूर्वी त्यांनी टीप दिली की येथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीवर आधारलेले असून यापुढची ती आपली 'नरोटी' आहे. एकनाथांकडून घेतलेला हा शब्द. नारळाची कोरडी करवंटी, म्हणजे निःसत्त्व वस्तू. संशोधिकेचा प्रामाणिकपणा म्हणून ही टीप आदरणीय आहे. तरीही त्या प्रकरणातील वाचकांच्या स्मरणात राहिलेला भाग बहुधा नरोटीचाच आहे, हा योगायोग म्हणता येत नाही. जात्यावरच्या बाईने अशी टीप कधी दिली नाही. आपण भर घालीत आहो हे तिला ठाऊक होते, कारण प्रत्येक ओवीत स्वतःचे वा शेजारणीचे नाव गुंफण्याची मुभा तिला होती. पण त्याबद्दल कोणाची क्षमा मागावी असे तिला वाटले नाही. आषाढीला ती याच विठोबाच्या दर्शनाला पायी जात होती.

या वादाच्या आस्वादाचे मर्म बरेचसे दळण्याच्या रीतीत आहे. जड दळण असले म्हणजे दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात असतात. एक वैरण घालते, एक ओवी उचलते, दुसरी ती पुढे नेते. एकीने रखुमाईचा प्रश्न टाकावा, दुसरीने देवाचे उत्तर द्यावे, पहिलीने त्यावर पुन्हा खोच काढावी, असे सहज घडत जाते. जाते फिरत आहे तोवर वाद संपण्याचे कारण नाही. किंबहुना तो संपू नये हीच सोय आहे, कारण पायलीभर दळण पुढे पडलेले असते. ओवीचा दोन ओळींचा आटोपशीर घाटही यास अनुकूल. एवढ्या जागेत निवाडा मावत नाही. एक बाजू मावते.

पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्यावर जात्यावरचे गाणे ओसरत गेले. त्यापूर्वीच साने गुरुजींनी 'स्त्रीजीवना'त हजारो ओव्या विषयवार लावून छापल्या होत्या. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे मोठे संकलन केले. आणि हेमा राईरकर व गी पॉत्व्हँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या 2017 पासून ध्वनिमुद्रणांसह सर्वांस उपलब्ध होऊ लागल्या. हे उपकार मोठे आहेत. तरी विषयवार मांडणीची एक अडचण प्रस्तुत संदर्भात जाणवते. देवादिकांच्या ओव्या एका प्रकरणात जातात, संसाराच्या दुसऱ्या, सवतीच्या तिसऱ्या. रखुमाईचा प्रश्न भक्तीच्या विभागात छापला जातो, आणि त्याच बाईने त्याच दळणात गायिलेली स्वतःच्या संसाराची ओवी पन्नास पानांनंतर येते. दोन्ही ओव्या शुद्ध छापलेल्या असतात. हरवतो तो त्यांच्यामधला सांधा. संकलनाचे नवे काम हाती घेणाऱ्यांनी निदान सोलापूर जिल्ह्यापुरते तरी एका दळणाचे गाणे जसे गायिले गेले त्याच क्रमाने छापावे, समोर कोण बसली होती व कोणती ओवी कोणी उचलली हे टिपून ठेवावे. अशा नोंदीवाचून, छापील पानावर रखुमाईची ओवी जेथे प्रश्नावरच थांबते, तेथे समोरचीने उत्तर दिलेच नाही, की ते दुसऱ्या प्रकरणात गेले, हे वाचणाऱ्यास सांगता येत नाही.